मडक्यांचा ठावठिकाणा

अत्ताया, १९ ऑक्टोबर

माझ्या बहिणीच्या लेकीला, लाडक्या इंशिराहला तिच्या महरेझिया खालाचा सलाम.

तुझा होणारा नवरा वजदी दोन दिवस इथं त्याच्या घरी आला होता. तो उद्याच्या बोटीनं स्फाक्सला परततोय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. फोन का केला नाही म्हणशील. अगं, तक्रारच फोनची आहे! आत्ताही त्याला न्हाणीघरात ठेवून वर पातेलं उपडं घातलंय, मग लिहायला बसलेय. डोळ्यांमुळे अक्षरं मोठी काढलीत, हसू नकोस.

हंगाम उघडून चार दिवस झाले. माझी चाळीस मडकी समुद्राच्या तळाशी, ऑक्टोपस आपले त्यांत येऊन बसणार, मी ओढून घेणार, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. या चार दिवसांत तीनदा मडकी रिकामी. ऑक्टोपस आलाच नाही असं नव्हे. कुणीतरी आधी ओढून, काढून, मडकं परत सोडलंय. दोराची गाठ माझी नव्हती. माझी गाठ मी आंधळी झाले तरी ओळखेन.

माझ्या मडक्यांवर तरंगता डबा नसतो, बोया नसतो. मिनार आणि खजुराचं झाड एका रेषेत आलं की खाली मडकं, एवढीच खूण. ती तुझ्या सादोक काकानं मरेपर्यंत बायको सोडून कुणाला सांगितली नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला मिनार दोन दिसायला लागले, म्हणून उन्हाळ्यात तू आलीस आणि सगळ्या जागा फोनच्या नकाशात टाकून दिल्यास. तीस वर्षं चोरी नाही, आणि फोनला जागा कळल्या की पहिल्याच हंगामात चोरी. आता तूच सांग, संशय कुणावर घेऊ?

शिवाय तो मेला वागतोही चोरासारखाच. नुसता ठेवला तरी तापतो. दुपारच्या आत बॅटरी संपते. नमाजाची वेळ बघायला उघडावा तर अंगावर कपडा नसलेली बाई बक्षीस घ्या म्हणते. आत कुणीतरी बसलंय, इंशिराह.

हा हंगाम गेला तर मला नाव विकावी लागेल. मुलगा मार्सेहून रोज तेच म्हणतो, नाव विक आणि इकडं ये. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी काय करू, भिंतीत मडकी सोडू? तू फोन दुरुस्त करून पोट भरतेस. सांग काय करायचं ते.

तुझी खाला

•

स्फाक्स, २६ ऑक्टोबर

खाला,

पत्र मिळालं. वजदीनं आल्या आल्या दिलं. पातेल्याचं वाचून दुकानात एकटीच हसले, गिऱ्हाईक बघत राहिलं. पण बाकीचं वाचून हसू गेलं.

तू सांगतेस त्यावरून फोनमध्ये घाण नक्की शिरलीय. तापणं, बॅटरी खाणं, नको त्या जाहिराती, ही तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची. घाबरू नकोस आणि हातोडा घेऊ नकोस, मी तुला ओळखते.

आधी इंटरनेट बंद कर, म्हणजे आत जो कोण आहे त्याला बाहेर निरोप धाडता येणार नाही. मग बंद करायचं बटण दाबून धर, पडद्यावर 'बंद करा' आलं की त्या अक्षरांवरच बोट दाबून ठेव. 'सेफ मोड'मध्ये सुरू करू का असं विचारेल, हो म्हण. त्या अवस्थेत फोन फक्त स्वतःची जन्मजात ॲप चालवतो, उपरी झोपून राहतात. मग सेटिंगमध्ये ॲपची यादी उघड आणि एकेक वाच. जे तू घेतलं नाहीस, ज्याचं नाव ओळखीचं नाही, ज्याला चित्रच नाही, ते काढ. निघत नसेल तर सुरक्षेच्या पानावर त्याला 'व्यवस्थापक' केलेलं असेल, तिथली खूण आधी पुसायची. फोनचा अधिकारच चोराला दिलेला असतो गं, मग तो घरातून निघेल कसा?

त्यानंतर बघ, तुझं ठिकाण बघायची परवानगी कुणाकुणाला आहे. नकाशाशिवाय सगळ्यांची काढ. मग फोन पुन्हा साधा सुरू करून अपडेट घे.

आणि कोड बदल. १९८४ आहे ना अजून, तुझ्या लग्नाचं वर्ष? अख्ख्या अत्तायाला ठाऊक आहे. बोटाच्या ठशाचं कुलूप तुला चालत नाही, दोरांनी तुझे ठसे पुसलेत, म्हणून सहा आकडी नवा कोड ठेव. कुणाला सांगू नकोस, मुलालासुद्धा नाही.

जेवत जा.

इंशिराह

•

अत्ताया, ९ नोव्हेंबर

इंशिराह,

दोन दिवस लागले, पण केलं. पहिल्यांदा फोन बंदच झाला, दुसऱ्यांदा त्यानं भलत्याच नंबरावर फोन लावला, बिचारा कुणी तरी "कोण, कोण" करत राहिला. तिसऱ्यांदा सेफ मोड लागला.

सापडला चोर! 'उजेड' नावाचं ॲप. अंधारात विजेरी म्हणून वापरायचं म्हणे. विजेरी तर फोनात आधीचीच आहे, मग ही दुसरी कशाला? आणि या उजेडाला काय काय परवानग्या, विचारू नकोस. माझं ठिकाण, माझे मेसेज, माझा आवाज. तू म्हणालीस तसाच व्यवस्थापक होऊन बसला होता. खूण पुसली आणि काढला. बिस्मिल्ला म्हणून काढला. फोन तेव्हापासून थंड आहे आणि ती बाईही गेली.

पण हे ॲप घेतलं कुणी? मी नाही. या घरात माझा फोन हाती घेणारी एकच व्यक्ती, शेजारीण हलूमा. तिचा बिलेल इटलीत, तिचा फोन मोडका, म्हणून रोज दुपार कलल्यावर, अस्राच्या नमाजानंतर येऊन माझ्यावरून त्याच्याशी बोलते. विचारलं तेव्हा म्हणाली, "हो गं, काहीतरी आलं होतं वर, हो म्हटल्याशिवाय बिलेल दिसेना, म्हणून हो म्हटलं." कसं निरागस तोंड! दिसतं तसं नसतं. तिच्या भावाची नाव आहे, विसरू नकोस.

काल तिनं बार्लीची खीर पाठवली. मी तिचा वाडगा धुऊन रिकामा परत पाठवला.

हो, रिकामा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आज अस्रनंतर ती आली नाही.

महरेझिया

•

स्फाक्स, १६ नोव्हेंबर

खाला, हे काय केलंस!

रिकामा वाडगा? हलूमा चाचीला? माझी आई गेली तेव्हा सात दिवस तिनं आपल्या चुलीवर आम्हा सगळ्यांचं रांधलं. अशी ॲप लाखो लोक चुकून घेतात. ती तुझ्या मडक्यांमागं नसतात, जाहिराती दाखवून पैसे कमावतात. रोममधल्या नाही तर कुठल्या तरी चोराला तुझा ऑक्टोपस घेऊन काय करायचंय? तिची चूक झाली, पाप नाही झालं. जा आणि माफी माग.

फोन आता स्वच्छ असेल तर चोरी थांबली का, ते लिहिलंच नाहीस. खात्याचा पासवर्डही बदल, नुसतं ॲप काढून भागत नाही, चावी बाहेर गेलेली असू शकते. दुहेरी तपासणी चालू कर, म्हणजे कुणी आत शिरायला गेलं की आधी तुला निरोप येईल.

आणि शेजारणीला फोन द्यायचा तर कोड सांगू नकोस, आपण उघडून हातात द्यायचा. माझा कोड वजदीला ठाऊक आहे, पण ते वेगळं. साखरपुडा झाल्यावर तो म्हणाला, आपल्यात आता लपवायचं काय? त्यानंही त्याचा मला दिला. दुकानातल्या मुलींना सांगितलं तर म्हणाल्या, नशीबवान आहेस.

मडक्यांच्या जागा फक्त तुझ्या फोनात आहेत, दुसरीकडे कुठंही नाहीत, हे लक्षात ठेव. तिथं कुलूप लागलं की संपलं.

इंशिराह

•

अत्ताया, ७ डिसेंबर

इंशिराह,

संपलं नाही. पासवर्ड बदलला, दुहेरी तपासणी लावली, कोड असा ठेवला की मलाच आठवत नाही. तरी गेल्या आठवड्यात अकरा मडकी रिकामी. तीही कुठली? जी नेहमी भरलेली येतात तीच. चोराला वाईट जागा माहीतच नाहीत जणू, सरळ चांगल्याकडेच जातो.

माफी मागितली नाही. मागेन, नाही मागणार, तो माझा प्रश्न.

आता मी फोन पिठाच्या डब्यात टाकलाय, बंद करून. आणि मडकी हलवली. सगळी. तुला म्हणून सांगते, दुसऱ्या जिवाला नाही. उत्तरेला जिथं दगड वाहणारी बोट फुटली होती, जुन्या दीपगृहाच्या पलीकडे, तिथं पाण्याचा रंग बदलतो त्या काठावर सोडलीत. तिकडं कुणी फिरकत नाही. परवा दहा ओढली, दहाही भरलेली. एक तर एवढा मोठा की हात सोडेना, दंडावर चकत्या उठल्यात अजून.

वजदी आलाय, पत्र त्याच्याकडेच देते. पोरगा चांगला आहे, माझी दोरांची टोपली किनाऱ्यावरून घरापर्यंत वाहून आणली.

महरेझिया

•

स्फाक्स, १४ डिसेंबर

खाला,

तुला काय म्हणावं? दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितेस, आणि मग सगळं ताक कागदावर ओतून पाठवतेस! जागा का लिहिलीस? मी विचारली होती का? पत्र वाचलं आणि दुकानामागच्या बंबात जाळलं. यापुढं मलासुद्धा सांगू नकोस. ठाऊक असणारा माणूस म्हणजेच उघडं दार, हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा सांगते.

पण मडकी भरली हे वाचून जीव भांड्यात पडला. नाव विकायची नाही.

लग्नासाठी एप्रिल ठरतोय. वजदीची आई तुला भेटायला येईल.

इंशिराह

•

अत्ताया, १९ डिसेंबर

इंशिराह,

हे पत्र वजदीनं आणलेलं नाही. बोटीवरच्या तिकीटवाल्याच्या बायकोनं तुझ्याच हातात द्यायचं असं कबूल केलंय. दुकानाचं शटर ओढ आणि मग वाच.

मडकी मी हलवली नव्हती. दीपगृहापलीकडे सोडली ती फुटकी, जुनी, सहाच. तिथं ऑक्टोपस काय, खेकडाही येत नाही. तुला खोटं लिहिलं. ती जागा जगात फक्त एका कागदावर होती. फोन डब्यात, डबा फळीवर, आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. तिथं कुणी गेलं तर एकतर तू सांगितलेलं, नाहीतर ज्यानं कागद वाहून नेला त्यानं वाचलेलं. दोन दिवस मी तुझ्यावरही संशय घेतला, पोरी. लपवत नाही. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

अडचण अशी, की पहारा करायला डोळे हवेत आणि माझे दोन मिनार बघणारे. म्हणून हलूमाच्या दारात गेले. दार उघडून ती उंबऱ्यात उभी राहिली.

"काय हवं?" म्हणाली.

"तुझे डोळे हवेत."

"चोराचे डोळे कशाला गं तुला?"

"चोर दुसरा आहे. मी चुकले."

"जोरात म्हण, भावजय आत आहे, तिला ऐकू येऊ दे."

म्हटलं जोरात. दोनदा म्हटलं. मग तिनं चपला घातल्या आणि माझ्या पुढं चालू लागली. काल सकाळी ओहोटीला आम्ही दीपगृहाच्या भिंतीआड बसलो. ऊन चांगलं वर आलं होतं. नाव आली. हलूमानं बघून सांगितलं, निळी पट्टी, नौफलची नाव. म्हणजे वजदीच्या थोरल्या भावाची. नौफल वल्हवत होता, आणि पुढं वाकून गळानं तळ चाचपत होता तो वजदी. मी म्हटलं, नीट बघ, पोरीचं आयुष्य आहे. ती म्हणाली, "तोच. तू त्याच्या साखरपुड्यात मला तिसऱ्या रांगेत बसवलं होतंस, मी चेहरा नीट पाहून घेतलाय."

सहाही मडकी ओढली. रिकामी निघाली तेव्हा नौफल त्याच्यावर ओरडला, "तुझ्या त्या पत्रात नीट वाचलंस ना?" पाण्यावरून आवाज स्पष्ट येतो. हे माझ्या कानांनी ऐकलं, कान अजून शाबूत आहेत.

पत्राचं कळलं. पण आधीच्या जागा त्याला कुठून कळल्या? तेव्हा मी कुठं लिहिल्या होत्या? ते तूच सांगू शकशील. आणि गावचा कारभार बघणाऱ्या उम्द्याकडे तक्रार करू की नको, तेही तूच सांग. तू सांगेपर्यंत गप्प बसते.

महरेझिया

•

स्फाक्स, २३ डिसेंबर

खाला,

ती हलूमा चाची, जिला तू महिनाभर चोर म्हणालीस, तिच्या डोळ्यांवर माझं लग्न मोडायचं? लांबून वजदीसारखे दिसणारे अत्तायात ढीगभर आहेत, निळी पट्टी दहा नावांवर आहे. वजदी त्या दिवशी गॅबेसला कामावर होता, त्यानं स्वतः सांगितलंय.

तुझा संशय आता रोग झालाय. आधी फोन, मग शेजारीण, मग मी, आता तो. उद्या मशिदीचा मुअझ्झिन.

उम्द्याकडे जाऊ नकोस. माझी शपथ आहे.

इंशिराह

•

स्फाक्स, ३ जानेवारी

खाला,

तुझं उत्तर आलं नाही. यायचंही नव्हतं, मी पत्रच तसं लिहिलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जागा फक्त तुझ्या फोनात आहेत असं मी लिहिलं ते खोटं होतं. उन्हाळ्यात नकाशात टाकताना मी सगळ्याच्या सगळ्या चाळीस माझ्या फोनात घेतल्या, स्वतःलाच मेसेज करून. चोरायला नाही गं. सादोक काका समुद्रावरून परतला नाही तेव्हा आपण त्याला अकरा दिवस शोधलं. कुठं शोधायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्या दिवशी तो नव्या जागेवर गेला होता आणि ती त्यानं तुलासुद्धा सांगितली नव्हती. तू एकटी जातेस, असल्या डोळ्यांनी. तू परत आली नाहीस तर मला कुठं बघायचं हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी घेतल्या. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

तुला पत्र टाकलं त्याच्या तिसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. नवऱ्याला माझे सगळे मेसेज आधीच ठाऊक असतात, म्हणाली. मी सराईतपणे तिचा फोन घेतला, 'जोडलेली उपकरणं' उघडली आणि तिला दाखवलं, हे बघा, तुमचं खातं दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवर चालू आहे, कुणीतरी तुमचा कोड वापरून जोडलंय. बाई रडत गेली. मग मी शटर ओढलं आणि माझा फोन उघडला.

एक कॉम्प्युटर. ऑगस्टपासून जोडलेला. साखरपुड्यानंतरच्या आठवड्यातला दिवस. मी दोन वर्षं जगाला हे पान तपासायला सांगतेय, खाला, आणि स्वतःचं एकदाही उघडलं नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि कुंपण मीच लावलेलं.

वजदीला विचारलं. आधी शपथा घेतल्या. मग म्हणाला, समुद्र काय तुझ्या खालाच्या बापाचा आहे? मग म्हणाला, नौफलला मुलं आहेत, म्हातारीला एकटीला किती लागतं? एवढं ऐकून मी उठले. अंगठी त्याच्या आईकडे पोचती केलीय, तिकीटवाल्याच्या बायकोबरोबरच.

उपकरण तोडलं. जागा पुसल्या. सगळे कोड बदलले. शपथ परत घेते, उम्द्याकडे जा. माझं नाव सांगायचं असेल तर सांग, मला लाज वाटतेच आहे, अजून थोडी वाटेल.

माझ्यावर रागाव, पण उत्तर दे.

इंशिराह

•

अत्ताया, १२ जानेवारी

इंशिराह,

रडून झालं असेल तर तोंड धू आणि वाच.

उम्द्याकडे गेले. तुझं नाव घेतलं नाही. नौफलनं आधी समुद्र सर्वांचा वगैरे सुरू केलं, तेव्हा हलूमा उठून म्हणाली, समुद्र सर्वांचा आहे रे, पण मडकं त्याचं ज्यानं भाजलं. सगळे हसले. हसल्यावर त्याचं काही चाललं नाही. हंगाम संपेपर्यंत तो माझ्या मडक्यांच्या बाजूला, दक्षिणेला जाणार नाही, असं धक्क्यावर सगळ्यांसमोर कबूल केलंय. वजदी इकडं फिरकलेला नाही.

अंगठी दिलीस ते बरं केलंस. लोक बोलतील. बोलू देत, त्यांची बोलायची हौस आपण का मारावी?

मडकी आता खरंच हलवली. फोनात एकही जागा नाही, कागदावरही नाही. हलूमा माझ्याबरोबर नावेत येते. मिनार ती बघते, दोर मी ओढते, आणि अर्धं तिचं. पाणी बघून ओकते दर वेळी, पण येते. नाव विकायची नाही असं मुलाला कळवलंय.

तू जागा का घेतल्यास ते समजलं. अकरा दिवस मीही मोजले होते. प्रेमानं घेतल्यास हेही मानते. पण माझ्या घरात न विचारता घेतलेली वस्तू ती घेतलेलीच, मग घेणाऱ्याच्या मनात काही का असेना. रागावले होते. आता नाही. खोटं कशाला सांगू, थोडा राग अजून आहे.

तुला भीती होती ना, की मी बुडाले तर कुठं शोधायचं? आता घाबरू नकोस. हलूमाला सगळ्या चाळीस जागा ठाऊक आहेत. मी सांगितल्या, एकेक करून, तिच्याकडून पाठ करून घेतल्या.

ईदला ये. चार दिवस राहा, पोटभर खा, तुझ्या आईच्या खोलीत झोप. फक्त मी समुद्रावर कुठं जाते ते विचारू नकोस. विचारलंस तर मला खोटं बोलावं लागेल, आणि तुझ्याशी एकदा बोलले तेवढं पुरे झालं.

तुझी खाला,
महरेझिया